दुधनीची सीमा आणि मालाची वाट : बैलगाडी, वाघीण आणि मालमोटार

१

सोलापूरहून रायचूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अक्कलकोट तालुक्याच्या पूर्व टोकाला, दुधनी हे गाव वसलेले आहे. गावापासून थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द संपते व कर्नाटकाचा कलबुर्गी जिल्हा सुरू होतो. गावात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचा व्यवहार चालतो, आणि तूर, हरभरा, ज्वारी यांच्या खरेदीविक्रीसाठी येथील बाजारपेठेत सीमेच्या दोन्ही बाजूंचा शेतकरी येतो. बाजारपेठ आणि लोहमार्ग ही दोन्ही गावाला लाभलेली आहेत. तरीही बाजारातला माल आज मुख्यतः मालमोटारींतून बाहेर जातो. रुळालगतच्या पेठेतला माल रुळांवर का चढत नाही, हा प्रश्न दुधनीपुरता नाही. सीमा ओलांडून जाणारा माल रस्त्यावरून लोहमार्गावर कसा न्यावा, याची चर्चा युरोपातील राष्ट्रे गेली तीस-चाळीस वर्षे करीत आहेत. सोलापूरच्या परिसराला या प्रश्नाचा दीडशे वर्षांहून अधिक काळचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवातून निघणारे उत्तर सहसा गृहीत धरले जाते त्याहून वेगळे आहे.

सहसा असे मानले जाते की सीमेवरील मालवाहतुकीत खरा अडथळा राज्यांच्या हद्दीचा, म्हणजे जकातीचा, नाक्यांचा व कागदपत्रांचा असतो. दुधनीच्या परिसराचा इतिहास तपासला असता या समजुतीला आधार मिळत नाही. मालाची खरी सीमा राज्याच्या हद्दीवर नसते. जेथे गोणी एका वाहनातून उतरवून दुसऱ्या वाहनात चढवावी लागते, तेथे ती असते. ही दुसरी सीमा जेथे मिटली तेथे माल रुळांवर गेला, आणि जेथे ती निर्माण झाली तेथून तो रस्त्यावर परतला.

२

लोहमार्ग येण्यापूर्वी दख्खनच्या या पठारावरील लांब पल्ल्याची वाहतूक लमाणांच्या तांड्यांवर अवलंबून होती. ‘लमाण’ या शब्दाचा संबंध ‘लवण’ या शब्दाशी जोडला जातो, आणि तांड्यांनी केलेल्या मिठाच्या व्यापाराशी तो जुळतो. किनाऱ्याकडून मीठ वर चढे, आणि पठारावरील धान्य व कापूस खाली उतरे. काळ्या जमिनीतल्या वाटा पावसाळ्यात बंद होत. त्यामुळे व्यापाराचे वर्ष वस्तुतः आठ महिन्यांचेच होते. या मुलखात कंपनी सरकारचा प्रदेश, अक्कलकोटचे संस्थान आणि निजामाचे राज्य यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. १८०२ मध्ये कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने मालावरील जकात शेकडा पाच ठरविली होती. निजामाच्या राज्यातील जकात खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. हा शब्द सरहद्दीवरील मराठी बोलीतही रुळला होता, यावरून त्या खात्याशी सामान्य माणसाचा संबंध किती वारंवार येई, हे दिसून येते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पहिला टप्पा मुंबई ते ठाणे हा १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. १८५८ मध्ये गाडी पुण्यास आली, १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आणि १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली. मात्र या वर्षांत एक गोष्ट अपुरी होती. खंडाळा व खोपोली यांच्यामधील बोरघाटाचे काम १८६३ पर्यंत पूर्ण झाले नव्हते. घाटमाथ्यावर माल उतरवावा, बैलगाड्यांतून घाट उतरावा आणि पायथ्याशी तो पुन्हा वाघिणींत भरावा, असा क्रम होता. म्हणजे लोहमार्ग असूनही गोणी दोनदा जास्त हाताळली जात होती. १८६३ मध्ये घाट जोडला गेला तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अपूर्व भाव आलेला होता. घाटातली ही हाताळणी संपली, आणि सोलापूरचा कापूस विनाखंड मुंबई बंदरात उतरू लागला. या परिसरातील मालवाहतुकीच्या इतिहासातला पहिला धडा तोच होय.

पुढे सोलापुरापासून गुलबर्ग्यामार्गे वाढविलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रास रेल्वेशी जोडला गेला. हा मार्ग दुधनीवरून जातो. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेस जाणारी निजामाची रेल्वे सुरू झाली. राज्याची हद्द तेथेच होती आणि करोडगिरीही चालू होती. निजामाच्या हद्दीत उतरणाऱ्या मालाला जकात द्यावीच लागे. परंतु मुंबई-मद्रास मार्गाखालील जमिनीवरचा अंमल ब्रिटिश सरकारकडे सोपविलेला होता, मार्गाची रुंदी दोन्ही बाजूंस एकच होती, आणि मुंबईकडे निघालेली वाघीण हद्दीवर रिकामी करावी लागत नव्हती. म्हणूनच जकातीची सीमा कायम असतानाही माल तांड्यांकडून निघून रुळांवर गेला. लांब पल्ल्याचा तांड्यांचा व्यापार काही दशकांतच मोडला. त्या समाजाला याची जबर किंमत मोजावी लागली, हेही विसरता येत नाही.

३

तांडे मोडले, परंतु बैलगाडी मोडली नाही. उलट तिचे काम वाढले. बदलली ती तिची दिशा. पूर्वी गाडीवाट पेठेकडून पेठेकडे किंवा घाटाकडे जाई. आता ती स्थानकाकडे वळली. या बदलाचा पुरावा स्थानकांच्या नावांत आजही वाचता येतो. बार्शी रोड, अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड ही नावे पाहावीत. बार्शी रोड हे स्थानक बार्शीचे नव्हते, ते बार्शीच्या रस्त्यावरचे होते. प्रवाशाला आणि व्यापाऱ्याला दिलेली ती सूचनाच होती की, येथे रूळ संपून रस्ता सुरू होतो आणि येथे माल उतरवावा लागतो. दुधनीच्या नावास असा ‘रोड’ जोडलेला नाही, कारण पेठ आणि स्थानक एकाच ठिकाणी आहेत. एका लहान गावाची बाजारपेठ तालुक्याच्या सीमेपलीकडील माल ओढून घेऊ शकली, त्याचे मोठे कारण या ‘रोड’च्या अभावात आहे. शेतकऱ्याची गाडी पेठेत रिकामी झाली की माल स्थानकात पोहोचल्यासारखाच होता.

शब्दांचा पुरावा याहूनही बोलका आहे. इंग्रजीतील ‘वॅगन’ मराठीत येताना ‘वाघीण’ झाली. अपरिचित नाव परिचित प्राण्याच्या नावात बसवून घेण्याची ही लोकभाषेची जुनी रीत होय. परंतु वाघिणीभोवतीचा बाकीचा शब्दसंग्रह नवा नाही. गोणी, बारदान, हमाल, हमाली, तोलाई, अडत हे शब्द लोहमार्गाच्या आधीचे आहेत आणि ते जसेच्या तसे मालधक्क्यावर चालू राहिले. वाहन बदलले, तरी वाहनात माल चढविणारा आणि उतरविणारा हात बदलला नाही, हे या शब्दांच्या सातत्याने सिद्ध होते. ‘हमाल’ हा अरबी मूळाचा शब्द बैलगाडीच्या काळी जो अर्थ वाहत होता, तोच अर्थ वाघिणीच्या काळी वाहत राहिला, आणि मालमोटारीच्या काळीही वाहत आहे.

१८७६ ते १८७८ या दुष्काळाने नव्या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही उघड केली. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यातील अत्यंत पीडित जिल्ह्यांपैकी एक होता. लोहमार्गामुळे परमुलखातील धान्य सोलापुरापर्यंत येऊ शकले. तांड्यांच्या काळी इतके धान्य इतक्या लवकर येणे शक्य नव्हते. पण स्थानकावर उतरलेले धान्य गावोगाव पोहोचविण्यास बैल हवे होते, आणि चारापाण्यावाचून बैल मरत होते. रूळ जेथे संपत, तेथे धान्याची वाट अडत होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळी मुलखातून नवे लोहमार्ग काढण्याचा आग्रह धरला, त्यामागे हाच अनुभव होता.

४

त्या धोरणाचे फळ म्हणजे सदर्न मराठा रेल्वे. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारा मार्ग बांधला. तो १८८४ मध्ये खुला झाला. विजापूरचा दुष्काळी प्रदेश त्यामुळे सोलापूरशी जोडला गेला. पण खर्च वाचविण्यासाठी हा मार्ग मीटर रुंदीचा, म्हणजे १,००० मिलिमीटरचा केला होता, आणि सोलापूरचा मोठा मार्ग १,६७६ मिलिमीटरचा होता. होटगी हे ब्रिटिश मुलखातले गाव. तेथे कोणत्याही दोन राज्यांची हद्द नव्हती. तरीही विजापूरकडून आलेली प्रत्येक गोणी तेथे एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावी लागे. मालाच्या दृष्टीने होटगी हीच सरहद्द होती, आणि दुधनी नव्हती. होटगी-गदग मार्गाचे मोठ्या रुंदीत रूपांतर पूर्ण होण्यास एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले.

हाच प्रकार कुर्डुवाडीस घडला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली; अडीच फूट रुंदीचा तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झाला. १९११ मध्ये ती निजामाच्या राज्यातील लातूरला पोहोचली. हलक्या रुळांवरून अधिक माल नेता यावा म्हणून प्रत्येक आसावर पाच टनांचा भार हे प्रमाण ठरवून कॅलथ्रॉपने तिची वाहने आखली होती. लातूरची पेठ या रेल्वेने घडविली, यात संशय नाही. या गाडीनेही राज्याची हद्द सहज ओलांडली. परंतु लातूरचा माल कुर्डुवाडीस आला की त्याला वाहन बदलावे लागे. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने घेतली. पुढे स्पर्धेस मालमोटार उभी राहिली तेव्हा लातूरच्या व्यापाऱ्यास मोटारीचा वेग जितका मोलाचा वाटला, तितकेच मोलाचे वाटले ते कुर्डुवाडीची उतरंड टळणे. या मार्गाचे मोठ्या रुंदीत रूपांतर २००८ मध्ये पूर्ण झाले, पण तोपर्यंत बराच माल रस्त्याला लागून गेला होता.

हे वैगुण्य केवळ दख्खनचे नाही. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर रुळांची रुंदी बदलते. स्पेनचे पारंपरिक मार्ग १,६६८ मिलिमीटरचे, तर फ्रान्सचे १,४३५ मिलिमीटरचे. भूमध्यसमुद्राच्या काठावरील सर्बेर या फ्रेंच सीमास्थानकात स्पेनची संत्री एका गाडीतून दुसरीत भरण्याचे काम कित्येक दशके स्त्रिया करीत. १९०६ मध्ये त्यांनी मजुरीसाठी संप केला. पुढे वाघिणींचे आस बदलण्याची यंत्रव्यवस्था आली आणि हा व्यवसाय मावळला. होटगीचा हमाल आणि सर्बेरची संत्री भरणारी स्त्री यांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते. पण दोघांची भाकरी एकाच गोष्टीवर अवलंबून होती, आणि ती म्हणजे रुळांमधला खंड.

५

स्वातंत्र्यानंतर दुधनीची राजकीय सीमा वारंवार बदलली. १९४८ चे वर्ष या मार्गावर अशांततेचे गेले. २२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्थानकात मद्रास-मुंबई मेलवर रझाकारांचा हल्ला झाला. त्याच वर्षी अक्कलकोट संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि सप्टेंबरात हैदराबादचे संस्थान भारतात आले. कालांतराने करोडगिरी इतिहासजमा झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६७ मध्ये महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका म्हैसूरकडे द्यावा अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले, आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिलाची पद्धत सुरू झाली.

या घटनाक्रमात एक विसंगती दिसते, आणि तीच या विषयाची किल्ली आहे. जेव्हा सीमा कडक होती आणि करोडगिरी चालू होती, तेव्हा माल रस्त्यावरून रुळांवर गेला. जेव्हा सीमा उत्तरोत्तर सैल झाली, तेव्हा माल रुळांवरून रस्त्यावर गेला. १९५१ च्या सुमारास देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा सुमारे ८५ टक्के होता. राष्ट्रीय रेल्वे योजनेच्या वेळी तो सुमारे २७ टक्क्यांवर आलेला होता, आणि २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्या योजनेने ठेवले. राजकीय सीमा हेच कारण असते, तर चित्र याच्या उलट दिसावयास हवे होते.

खरे कारण मालधक्क्यावर शोधले पाहिजे. एके काळी अडत्या एखादी वाघीण, किंवा वाघिणीतली काही पोतीसुद्धा, नोंदवू शकत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने अशी फुटकळ वाहतूक क्रमाने कमी केली आणि एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्या पूर्ण मालगाडीवर भर दिला. कोळसा, सिमेंट, खते यांना ही रीत सोयीची होती, आणि रेल्वेच्या बाजूने ती हिशेबालाही धरून होती. पण सुमारे चाळीस बंद वाघिणींच्या पूर्ण गाडीत अडीच हजार टनांच्या आसपास माल मावतो. एवढी तूर एका दिवशी, एका गावाकडे, एका व्यापाऱ्याने पाठविणे दुधनीसारख्या पेठेच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा रूळ दाराशी असूनही व्यापाऱ्यापुढे दोनच मार्ग राहिले: पोती मोटारीत भरून मोठ्या मालधक्क्यावर नेणे आणि तेथे ती पुन्हा हाताळणे, किंवा तीच मोटार थेट गिरणीच्या दाराशी पाठविणे. दुसरा मार्ग स्वाभाविक होता. मालमोटारीचा विजय एकदाच भरणे आणि एकदाच उतरविणे यात आहे.

६

रस्त्यावरचा माल पुन्हा रुळांवर आणण्याचे जे प्रयत्न अलीकडे झाले, त्यांतील यशस्वी प्रयत्नांचे सूत्र दुसरी हाताळणी टाळणे हेच दिसते. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा अशी भरलेल्या मालमोटारीच मालगाडीवर चढवून नेणारी सेवा सुरू केली. ३० ऑगस्ट २०२० रोजी अशीच सेवा बेंगळुरूजवळील नेलमंगल आणि सोलापूरजवळील बाळे या स्थानकांमध्ये सुरू झाली. अंतर ६८२ किलोमीटर. एका गाडीवर ४२ मालमोटारी. एकूण भार १,२६० टन. वाडीकडून सोलापूरकडे येणारा हा मार्ग दुधनीवरूनच जातो. ज्या रुळांवरून १८७१ पासून गोण्या गेल्या, त्याच रुळांवरून आता गोण्यांनी भरलेली मोटार चालकासह सीमा ओलांडू लागली.

या पद्धतीचे गुण उघड आहेत, पण तिचा दोषही पाहिला पाहिजे. मालाबरोबर मोटारीचे स्वतःचे वजनही वाहून न्यावे लागते. स्वित्झर्लंडचा अनुभव येथे उद्बोधक आहे. २० फेब्रुवारी १९९४ रोजी त्या देशाच्या मतदारांनी आल्प्स ओलांडणारा परदेशी माल रुळांवर नेण्याचा कौल दिला. २००७ मध्ये लोच्बर्गचा आणि २०१६ मध्ये ५७ किलोमीटर लांबीचा गोट्‌हार्डचा तळबोगदा खुला झाला. आल्प्स ओलांडणाऱ्या मालापैकी सुमारे सत्तर टक्के माल तेथे रुळांवरून जातो. तरीही वर्षाला साडेसहा लाख मोटारींची जी मर्यादा कायद्याने ठरविली होती, ती ठरलेल्या मुदतीत गाठता आली नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ग ते इटलीतील नोव्हारा अशी भरलेल्या मोटारी नेणारी गाडी अनेक वर्षे चालली. ती २०२५ च्या अखेरीस बंद करण्याचा निर्णय कंपनीने त्याच वर्षी जाहीर केला. रुळांवरील वाहतुकीचा मुख्य भार तेथे मोटारीवाचून जाणाऱ्या पेट्यांनी आणि सुट्या करता येणाऱ्या मोटारपिंजऱ्यांनी उचलला आहे. मोटारच गाडीवर चढविणे ही तडजोड होय. मालाची पेटी न उघडता वाहन बदलणे हा त्या प्रश्नाचा अधिक टिकाऊ उलगडा होय.

सोलापूर जिल्ह्याने आणखी एक प्रयोग पाहिला आहे. शेतमालासाठी सुरू झालेल्या किसान रेल्वेची शंभरावी फेरी २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. वाटेतील स्थानकांवर माल चढविण्याची मुभा होती, आणि किमान वजनाची अट नव्हती. फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्म्या रकमेचे अनुदान होते, ही गोष्टही महत्त्वाची. परंतु लहान उत्पादकास पूर्ण गाडी भरण्याची अट नसणे, हा तिचा विशेष इतिहासाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. एके काळी फुटकळ नोंदणीमुळे पेठेतल्या मालाला रुळांवर वाव होता; येथे तीच नोंदणी नव्या नावाने परत आली.

७

या सर्व विवेचनात एक पक्ष शेवटपर्यंत मूक राहतो, आणि तो पक्ष हमालाचा. दुसरी हाताळणी हा व्यापाऱ्याच्या वहीतील खर्च असतो. तोच खर्च हमालाच्या घरातील उत्पन्न असतो. घाट जुळला तेव्हा खंडाळ्याच्या गाडीवानाचे काम गेले, रूळ एक रुंदीचे झाले तेव्हा होटगी आणि कुर्डुवाडी येथील माल बदलण्याचे काम गेले. १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने महाराष्ट्रात या वर्गाच्या मजुरीस, भविष्य निर्वाह निधीस आणि भरपाईस कायदेशीर आधार दिला. असा कायदा करणारे राज्य म्हणून महाराष्ट्राचा उल्लेख योग्यच होतो. परंतु तो कायदा हातांनी माल हलविला जात राहील असे गृहीत धरून झालेला आहे. ज्या दिवशी बंद पेटी यंत्राने थेट उचलली जाईल, त्या दिवशी मालाची सीमा मिटेल आणि हमालाची सुरू होईल. वाहतुकीच्या कोणत्याही सुधारणेचा हिशेब या दुसऱ्या रकान्याशिवाय पुरा होणार नाही.

दुधनीच्या इतिहासाचे तात्पर्य असे की राज्यांच्या हद्दींपुढे मालाची वाट क्वचितच थांबली. ती थांबली ती एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाताना. १८६३ चा बोरघाट, १८८४ ची होटगी, १८९७ ची कुर्डुवाडी आणि पूर्ण मालगाडीच्या अटीने रोडावलेला लहान पेठांचा धक्का, ही सारी एकाच साखळीची कडी आहेत. दुधनीला रूळ पूर्वीच मिळाले आहेत. तिला हवी आहे ती पेठेतल्या लहान मालाला रुळांवर जागा, आणि जागा देताना ज्यांच्या खांद्यावरून तो माल आजवर गेला त्यांच्यासाठी पर्यायी काम. यांपैकी पहिली गोष्ट रेल्वेच्या दरपत्रकात ठरते. दुसरी राज्याच्या कायद्यात ठरावयाची आहे, आणि ती ठरण्यास पेट्या उचलणारे यंत्र धक्क्यावर येईपर्यंतचाच अवधी आहे.